माझी जाऊ नाल्यात का उतरली

बावीस वर्षांत माझ्या जावेनं माझं एकदाही ऐकलं नाही. मी म्हणायचे, बाई, यंदा वांगी पुरे झाली, फ्लॉवर लावू. ती वांगीच लावायची. मी म्हणायचे, भर उन्हात पाणी सोडू नका, रोपं उकडतील. ती बरोबर बाराच्या ठोक्याला मोटर सुरू करायची आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कमरेवर हात देऊन उभी राहायची, मला दिसेल अशी. ती थोरली, मी धाकटी. केनवडला आमची दोघींची वावरं एकमेकींना लागून, मध्ये फक्त धुरा. भाजी एकाच बाजारात, एकमेकींसमोर पोतं अंथरून. आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य गावाला इतकं पाठ होतं की एखाद्या दिवशी आवाज आला नाही तर शेजारीण डोकावून विचारायची, कोणी आजारी आहे का म्हणून.

मीही काही कमी नव्हते. माझ्या नाकावर राग असतो, जीभ तर त्याच्याही पुढे. थोरले दीर जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तिला एकच मुलगी, तीही लग्न होऊन गेलेली. म्हणजे घरात ती एकटी. तरी मला कधी तिची कीव आली नाही, कारण तिनं ती येऊ दिली नाही. भांडून झाल्यावर तासाभरानं ती झाकलेलं ताट आणून माझ्या ओट्यावर आदळायची आणि म्हणायची, "गिळून घे लहानी, थंडं होऊन राह्यलं." लहानी म्हणजे मी. पन्नाशीला आले तरी लहानीच.

आता विजेचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

माझं माहेर रिठदचं. मी अकरा वर्षांची असताना माझे वडील वीज पडून गेले. पाऊस सरता सरताचे दिवस होते, आभाळ एका बाजूनं काळं झालं होतं. वडील म्हणाले, "तू घमेलं धुऊन आन, मी निंबाखाली उभा हावो." मी नाल्यात उतरले आणि वर उजेड फुटला. नुसता उजेड, मग आवाज, मग कातडं जळाल्याचा वास. वर येऊन पाहिलं तर निंब मधोमध चिरला होता आणि माझा बाप खोडाला टेकून बसल्यासारखा बसला होता. त्याच्या बंडीतून धूर निघत होता. मी नाल्यात होते म्हणून वाचले. आई शेवटपर्यंत हेच म्हणत राहिली: पोरगी नाल्यात होती म्हणून वाचली.

आमच्याकडे दर साली विजेनं माणसं मरतात. त्यामुळे लहानपणापासून हाडात बसलेली एक गोष्ट आहे. ईज चमकली की झाड सोडायचं, उंचवटा सोडायचा, खोलगट जागेत उतरायचं, उकिडवं बसायचं, डोकं गुडघ्यात. मी आजवर किती निंदणाऱ्या बायांना दंडाला धरून नाल्यात ओढलं असेल, मोजदाद नाही. त्या वेळी मी विचार करत नाही. माझे पाय करतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या भाजीवाल्या शेतकरी बायांचा एक अभ्यास दौरा निघाला. बारा बाया, एक कृषी अधिकारी. जायचं होतं जावा बेटावर, तिथल्या डोंगरउतारावरची कोबी-टोमॅटोची शेती पाहायला. यादीत तिचं नाव वर आणि माझं खाली होतं, यावरून पहिलं भांडण झालं. सगळ्यांना कापडी बूट दिले, ते तिनं पिशवीत कोंबले आणि चपला घातल्या. यावरून दुसरं. मी म्हणाले, "बाई, तिथं डोंगर हाये, चपलेनं पाय मुरगळंन." ती म्हणाली, "माह्ये पाय, माह्यी चप्पल, तुयं काय जाते?" विमानात ती खिडकीशी बसली आणि मला बाहेर काही दिसू नये म्हणून मुद्दाम पुढे वाकून राहिली.

तो डोंगर पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या टोकातून बारीक पांढरा धूर निघत होता. जाऊ म्हणाली, "चूल पेटली वाटते त्याची." आम्ही सगळ्या हसलो. आमच्यासोबत तिथली एक दुभाषी मुलगी होती, तिला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. ती म्हणाली, हा डोंगर बरेच दिवस असाच धुमसतो आहे, सरकारनं त्याच्याभोवती हद्द आखली आहे, आपण हद्दीच्या बाहेर आहोत. तिच्या आवाजात काळजी नव्हती. तिथल्या बाया कोबीत वाकून खुरपत होत्या, त्यांच्याही पाठीत काळजी दिसत नव्हती.

माती मात्र जावेनं हातात घेतलीच. वास घेतला, बोटांत चुरगाळली. "आपल्यावानी काळी हाये, पर हिच्यात चिकटपना नाई." अधिकाऱ्यांनी सांगितलं की आपल्या वऱ्हाडातला काळा दगडही आगीतूनच आलेला आहे, फक्त त्याचा रस पातळ होता. जमिनीच्या भेगांतून निघाला आणि थरावर थर पसरत गेला. या डोंगराचा रस घट्ट, त्यात वाफ कोंडून राहते, आणि मग शिट्टी तुंबलेल्या कुकरसारखा तो फुटतो. जाऊ म्हणाली, "म्हंजे लहानीवानी." सगळ्या पुन्हा हसल्या. मी नाही हसले.

ते वावर एका लांब सोंडेवर होतं. सोंडेच्या एका अंगाला उतार, आणि खाली नाला. चांगला खोल, दोन माणसं एकावर एक उभी केली तरी वर दिसणार नाहीत इतका. तळाला काळी रेती आणि मोठमोठे धोंडे. दुसऱ्या अंगाला वर चढत जाणारी वाट, तिच्या टोकाला आमची गाडी. वावराचा मालक एक म्हातारा होता, बोळक्या तोंडाचा, जावेच्याच वयाच्या आगेमागे. भाषा एकमेकांची काडीची कळत नव्हती तरी दोघांचं बरं जमलं होतं. ती त्याला वांग्याची छाटणी हातवाऱ्यांनी समजावत होती आणि तो माना डोलावत होता.

जेवणानंतरची वेळ. खालच्या वस्तीतून टकटक आवाज येऊ लागला. कोणीतरी पोकळ बांबू बडवत होतं, मग दुसरा, मग चारी बाजूंनी. आमच्यातली एक म्हणाली, "पाखरं हाकलून राह्यले." आपल्याकडे ज्वारीवर पाखरं उतरली की डबे बडवतात, तसंच आम्हाला वाटलं. मी तर म्हणाले की एवढ्या बांबूंनी पाखरंच काय, माणसंही पळून जातील. ते बांबू माणसांनी पळावं म्हणूनच बडवत होते.

मी मोठ्या आवाजाची वाट पाहत नव्हते, आणि तो आलाही नाही. सगळ्यांना वाटतं की डोंगर फुटतो म्हणजे तोफेसारखा आवाज होतो. आम्हाला ऐकू आली ती लांबून रेती ओतल्यासारखी घरघर. वर पाहिलं तर डोंगराच्या टोकाची एक बाजू ढासळली होती आणि तिथून राखाडी-काळा ढग निघाला होता. ढग वर जातो. हा खाली येत होता. गोळे गोळे होत, फुगत, उतारावरून लोळत. तिथले लोक त्याला केसाळ मेंढी म्हणतात, हे मला नंतर कळलं. दिसतो तसाच. लांबून तर मऊच दिसतो.

आणि त्याच्या पोटात विजा चमकत होत्या.

बाकी काही मी पाहिलंच नाही. तो खाली येतो आहे, त्याचा रंग आभाळाचा नाही, म्हातारा ओरडतो आहे, दुभाषी मुलगी बायांना गाडीकडे पिटाळते आहे, यातलं काही नाही. वीज पाहिली आणि माझे पाय सुटले. वावराच्या कडेला उंच झाडं होती, त्यांच्यापासून लांब, सोंडेवरून खाली, घसरत, ढोपरं सोलत, थेट नाल्याच्या तळाशी. एका धोंड्याआड मी उकिडवी बसले. मग वर पाहिलं.

जाऊ सोंडेच्या कडेला, म्हाताऱ्याच्या शेजारी उभी होती. आभाळाच्या पार्श्वभूमीवर एकटी, उंच, अगदी माझा बाप उभा होता तशी. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "बाई, खाली या! मरसान तिथं! खाली या!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याचा हात झटकला आणि ती उतरू लागली.

खोटं लिहिणार नाही. मला त्या क्षणी बरं वाटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं माझं ऐकलं, असं वाटलं. मरण समोर असताना माणसाला असलं काही सुचू नये, पण सुचलं. मी जिंकले होते.

उतरताना ती सारखी ओरडत होती. काय ते मला कळलं नाही. घरघर वाढली होती, आणि तिच्या ओरडण्याकडे लक्ष न देण्याची मला सवय होती. ती तळाशी पोचताच मी तिचा पदर धरून तिला खाली बसवू लागले. तिनं माझ्या पाठीत दोन गुद्दे घातले. मला वाटलं, भ्यायली. मी तिच्या मानेवर हात ठेवून तिचं डोकं खाली दाबलं. तिनं माझ्या केसांना धरून माझं डोकं वर उचललं. भर नाल्यात, त्या ढगाच्या तोंडासमोर, आम्ही दोघी मारामारी करत होतो.

तिनं केस ओढले म्हणून माझी मान वळली आणि मला नाल्याचं वरचं वळण दिसलं.

ढग त्या वळणावरून येत होता. नाल्यातूनच येत होता, पुराच्या पाण्यासारखा, काठ धरून, वळण घेत. त्याच्या तोंडाशी असलेली झाडं पडत नव्हती. उभ्या उभ्या पेटत होती आणि मग दिसेनाशी होत होती. म्हशीएवढे धोंडे आत उडत होते. वारा आमच्या तोंडावर आला तो भट्टीचं दार उघडावं तसा. मला एवढंच कळलं की हा विजेचा ढग नव्हे, हा खोलगट जागा शोधत येणारा ढग आहे, आणि मी आम्हा दोघींना त्याच्या वाटेत आणून बसवलं आहे.

आम्ही चढलो. मी पुढे, ती मागे. तिचा एक गुडघा आधीच कामातून गेलेला होता. माझ्या ढुंगणाखाली तिचे दोन्ही हात होते आणि ती मला वर लोटत होती. "चढ लहानी, चढ व!" माती हातात येत होती, मुळं तुटत होती. वरून म्हाताऱ्यानं पालथं पडून कुदळीचा दांडा खाली सोडला. तो मी धरला. त्यानं मला ओढून काठावर घेतलं आणि मी वळून खाली हात घातला. तिची बोटं माझ्या बोटांना लागली होती.

मग ते आलं.

ढगाचं मोठं अंग नाल्याच्या तळातून गेलं. आमच्या अंगावर आली ती फक्त त्याची कड, काठावरून सांडलेली. माझे केस चटकन आखडले, पापण्या चिकटल्या. मी श्वास घेतला नाही. शहाणपणानं नव्हे, किंचाळता किंचाळता छातीतली हवा संपली होती म्हणून. तिला खाली, अर्ध्या चढावर, तो पूर्ण लागला. किती वेळ? माळ्यावरून पोतं पडायला लागतो तेवढा. म्हाताऱ्यानं तिचं मनगट धरून ओढलं तर भाजलेल्या वांग्याचं साल निघावं तशी कातडी त्याच्या मुठीत आली. त्यानं सोडलं नाही. दुसऱ्या हातानं काखेत धरून त्यानं तिला वर घेतलं. तिची नायलॉनची साडी पाठीला वितळून बसली होती. पायांत चपला नव्हत्या.

भर दुपारी अंधार झाला. राख पडू लागली, आणि ती चुलीतली राख नव्हे. दळलेला दगड, डोळ्यांत गेला तर चिरतो. म्हाताऱ्यानं त्याचा सदरा पाण्यात बुडवून फाडला आणि आमच्या नाकातोंडावर बांधला. मग त्यानं आणि मी तिला गाडीपर्यंत नेलं. बाकीच्या बाया गाडीत एकमेकींना बिलगून किंचाळत होत्या. वाटेत पाऊस आला तो चिखलाचा. एका घराचं छप्पर त्या ओल्या राखेच्या वजनानं आमच्या डोळ्यांदेखत खाली बसलं. खाली नाल्यावर एक पूल होता. त्यावर ढग पाहायला थांबलेली माणसं होती. होती, एवढंच लिहिते. एकजण मोटरसायकलवर बसल्या जागी होता, हात हँडलवर. मी पाहिलं आणि मला ओकारी आली, आणि ओकारीही राखेची आली.

तिथल्या दवाखान्यात आम्ही बरेच दिवस काढले. माझं तोंड आणि हात भाजले होते, ते भरून आले. तिची पाठ, पाय आणि हात गेले होते, पण डॉक्टर बोट दाखवायचे ते छातीकडे. दुभाषी मुलगी रडत रडत सांगायची की या ढगात माणसं जळून मरतात त्याहून जास्त श्वासानं मरतात. एक-दोन श्वास पुरतात. जावेनं एक घेतला होता. ती जगेल का, हे कोणी सांगत नव्हतं. मी रोज विचारायचे आणि ती मुलगी रोज खाली पाहायची.

ती शुद्धीवर आल्यावर अधिकाऱ्यांनी तिला विचारलं, सगळ्या वर पळाल्या, तुम्ही खाली का गेलात? तिचा आवाज उरला नव्हता, नुसती हवा यायची. ती म्हणाली, "चप्पल निसटून खाली गेली. ते घ्यायले उतरली."

मी शेजारच्या खाटेवर होते. मी ऐकलं आणि गप्प राहिले. मला वाटलं, मी हाक मारली हे तिनं झाकलं. मला पाठीशी घातलं. आणि मी भित्री, मी पाठीशी लपले.

तिला घरी आणलं, तोवर ती गोष्ट तिच्या आधी केनवडला पोचली होती. चपलेपायी बाई भाजली. बाजारात, पाणवठ्यावर, बसमध्ये. "बुट भेटले होते फुकटचे, घातले नाई, अन मंग चपलेमांगं गेली मराले." लोक हळहळायचे आणि हळहळता हळहळता तोंडाला पदर लावायचे. ती अंगणात बाजेवर पडून हे ऐकायची. तिची मुलगी महिना-महिना येऊन राहायची, तीही ऐकायची आणि मान खाली घालायची. आईचा राग येत होता तिला, दिसत होतं. चपलेसाठी!

मी तिला भरवायचे, पाठीला मलम लावायचे. ती माझं तरीही ऐकत नसे. डॉक्टरांनी तिखट वर्ज्य केलं होतं, तर ठेच्याशिवाय घास घेईना. म्हणायची, "सुंभ जळला, पीळ कायले जाते?" आणि हसायची, आणि हसण्याचा खोकला व्हायचा, आणि खोकल्यात काळं पडायचं.

एका सकाळी मलम लावताना मला राहवलं नाही. मी म्हणाले, "बाई, तुमी जिंदगीत एकडाव माह्यं ऐकलं, अन पाहा काय झालं. म्या हाक मारलीच नसती त..."

तिनं मान वळवली. "कोनं ऐकलं तुयं?"

"तुमी. खाली उतरले नाई का माह्या हाकेवर?"

"तुया हाकेवर?" ती खरंच चकित झाली होती. दम घेत घेत बोलली, तिचं सगळं बोलणं मी इथे सलग लिहिते आहे, पण ते निघायला फार वेळ लागला. "तो म्हातारा मले वरतं ओढून राह्यला होता. मले समजलं होतं, वर जा लागते. अन तू खाली बसली, डोकं गुडघ्यात घालून, मेंढरावानी. म्या वरून बोंबलली, उतरता उतरता बोंबलली, लहानी वर ये, वर ये. तू आयकलंच नाई. मंग काय करू? तुले तिथंच सोडून देऊ?"

मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. असा राग आला की मी उभी राहून ओरडले, "कोनं सांगतलं होतं तुमाले यायले? कोनं?"

"हळू बोल. पोरगी आतमंधी हाये."

"मंग चपलेचं काहून सांगतलं? सारं गाव हासून राह्यलं तुमाले!"

तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "पोरीले खरं सांगतलं असतं त तिनं तुया घरचं पानी तरी पेलं असतं का? म्या गेल्यावर तिले माहेर कोनाचं हाये? तुयंच ना. तू सांगजो नको. माह्यी आन हाये."

त्यानंतर ती दीड महिना जगली. एका दुपारी मी पेज घेऊन गेले तर छातीचं वर-खाली थांबलं होतं.

त्या दीड महिन्यात मी कोणाला काही सांगितलं नाही. तिची आण होती, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे सोयीचं होतं. गावात ती चपलेपायी भाजलेली आणि मी तिची सेवा केलेली धाकटी जाऊ. बाजारात बाया माझा हात हातात घ्यायच्या. मी घेऊ द्यायचे.

तेरवीला मांडवात पंगत बसली होती. वाढणं चालू होतं. माझ्या मागच्या पंगतीत एक बाई दुसरीला म्हणाली, "जेवून उठल्यावर चपला सांभाळून ठेवा बरं." आणि खसखस पिकली. माझ्या हातात वरणाची बादली होती. ती मी जमिनीवर आदळली. वरण त्या बाईच्या पायांवर उडालं, ती किंचाळली, आणि मी तिच्याहून मोठ्यानं ओरडले. सगळं सांगितलं. वीज दिसली म्हणून मी नाल्यात पळाले ते, हाक मारली ते, ती मला वर काढायला उतरली ते, मी तिचं डोकं खाली दाबलं ते. एकही गोष्ट ठेवली नाही. माझा नवरा मला धरायला आला, त्याला मी ढकललं. पंगत हातातला घास हातात घेऊन बसली होती.

तिची मुलगी चुलीपाशी उभी होती. ती सावकाश आली आणि सगळ्यांसमोर माझ्या तोंडात मारली. मी त्याची वाटच पाहत होते. मारल्यावर मला हलकं वाटायला लागलं होतं. पण तिचं बोलणं बाकी होतं.

"काकू, तू नाल्यात पळाली त्याचा राग नाई मले," ती म्हणाली. आवाज तिच्या आईचाच. "तुले ठाऊक नोतं. पर हे तुले कवा समजलं?"

"बाई जायच्या दीड महिना आंधी," मी म्हणाले.

"दीड महिना लोकं माह्या मायच्या तोंडावर हासले. म्या बी तिच्यावर चिडली. मरायच्या आदल्या दिवशी म्या तिले म्हनलं, माय, चपलेसाठी तू मले पोरकी केली. अन तू तिथंच बसली होती. मलम लावत."

मी तिथेच बसले होते. खरं आहे. तिनं ते म्हटलं तेव्हा जावेनं माझ्याकडे पाहिलं होतं आणि मी पट्टी गुंडाळत राहिले होते.

तिनं पिशवी भरली आणि पंगत उठायच्या आत ती गेली. दिवाळी झाली, संक्रांत झाली. मी तिच्या वाटणीचं काढून ठेवते आणि ते वाळून जातं. जावेनं सांभाळून ठेवलेलं तिचं माहेर मी एका दुपारी मोडलं, आणि न बोलते तर जावेला चपलेखाली ठेवलं असतं. यातलं बरोबर कोणतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी तिला फोन करते. ती उचलते. बोलत नाही, पण ठेवतही नाही. मागे तिच्या घरातली भांडी वाजतात, तिचं लेकरू काहीतरी मागत असतं. मीही काही बोलत नाही. आम्ही दोघी तशाच थांबतो, तिच्या हातातलं काम संपेपर्यंत.